गाण्यातल्या बांगड्या

शेडमधल्या जाळ्यांवरचा शेवटचा बेदाणा खाली उतरला, की आमच्या तासगावाकडं लग्नं सुरू होतात. द्राक्षाचा हंगाम उरकलेला असतो, माणसांचे हात मोकळे झालेले असतात, ऊन तापलेलं असतं आणि साडेबाराचा मुहूर्त गाठायला सगळी पंचक्रोशी कुठल्या ना कुठल्या मांडवाकडं निघालेली असते. लग्नसराई आली हे मला छातीत आधी कळतं. लांब कुठंतरी मोठ्या स्पीकरांची धडधड सुरू होते, शेडचा पत्रा बारीक थरथरायला लागतो आणि मी हातातला बेदाणा परातीत टाकून तिकडं तोंड करून उभा राहतो. माझी बायको सुनंदा बायकांबरोबर काड्या निवडत बसलेली असते. ती मान वर न करता म्हणते, "आवं, जावा की बघून या जरा. न्हाईतरी हितं ध्यान न्हाई तुमचं."

मी जात नाही. पण त्या धडधडीच्या तळाशी, तिथं वाजत नसलेलं एक गाणं माझ्यापुरतं सुरू होतं.

मी चौदा वर्षं डीजे होतो. आज हे सांगितलं तर लोक माझ्या टोपीकडं आणि पांढऱ्या मिशीकडं बघून हसतात. पण तासगावापासून जतपर्यंत आणि तिकडं पार साताऱ्यापर्यंत लग्नांत माझी गाणी वाजलेली आहेत. बेंजोचा जमाना सरत होता आणि स्पीकरांचा येत होता, त्या सांध्यावर मी उभा होतो. माझ्याकडं दोन डेक, एक मिक्सर, चार बॉक्स आणि मामाचा मुलगा दिनकर होता. दिनकर टेम्पो चालवायचा, जनरेटर बघायचा आणि मांडवात शिरल्या शिरल्या आचाऱ्याशी दोस्ती करायचा. त्याची आई जतकडची, म्हणून त्याला कानडी यायचं. त्याचा पुढं किती उपयोग होणार आहे हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि माझ्याकडं ते गाणं होतं.

गाण्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल, लावाल, आणि म्हणाल, एवढंच होय? एवढंच आहे ते. पॉपगाण्यांच्या कॅसेटी धडाधड निघत होत्या त्या काळातलं, हिंदी, साधं, एका गायिकेचं. तिची ती एकच कॅसेट आली. पुढं ती कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. एसटी स्टँडासमोरच्या दुकानात मी ती कॅसेट तिसऱ्यांदा हातात घेतली तेव्हा दुकानदार वैतागून म्हणाला होता, "घे बाबा एकदाची, न्हाईतर झिजंल कव्हर." कव्हरवर बाईचा चेहरासुद्धा नव्हता. नुसती एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर पडलेलं ऊन.

गाणं टाळ्यांनी सुरू होतं. चार टाळ्या, मग गप्प, मग पुन्हा चार. नंतर गिटार येते, नंतर आवाज. कुणीतरी येणार आहे आणि आपण अंगण झाडून ठेवलंय, एवढाच त्याचा अर्थ. विरह नाही, रडारड नाही. येणारं माणूस येईल याची त्या बाईला खात्री आहे. टाळ्या शेवटपर्यंत चालू राहतात, आणि त्या टाळ्यांच्या पाठीमागं एक अगदी बारीक किणकिण आहे. पहिल्यांदा मी ते गाणं घरी, दुपारी, माजघरातल्या टेपवर ऐकलं, आणि त्या किणकिणीशी आल्यावर टेप थांबवून मागं घेतला. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं. मला वाटलं कसल्यातरी यंत्रावर काढलेला आवाज असणार. तेव्हा मशिनीवर काय वाटेल ते वाजवत होते. पण तो आवाज आला की अंगावर काटा यायचा, आणि का यायचा ते मला सांगता यायचं नाही.

मी ते गाणं नाचायला कधी लावलं नाही. अक्षता पडल्या, वाजंत्र्यांचा गोंधळ थांबला, पहिली पंगत बसली, की मी ते लावायचो. तेव्हा माणूस सैल झालेला असतो. मिक्सरच्या मागून मला मांडव पायांच्या बाजूनं दिसायचा. डीजेला माणसं पायांवरून कळतात. तोंडावर माणूस पाहिजे तसा भाव ठेवतो, पाय मात्र खोटं बोलत नाहीत. एकदा विट्याकडच्या लग्नात एक निवृत्त सुभेदार बसले होते, पाठ सरळ, मिशा कडक, सगळा मांडव त्यांना बिचकून. त्यांच्या बुटाचं टोक टेबलाखाली चार टाळ्या मोजत होतं. पुढं सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. मालकांनी आधीच बजावलं होतं, "आवाज बेतानं हं. आमच्याकडं मोठ्यांदा चालत नाही." मी बेतानं लावलं. गाणं संपल्यावर तेच मालक हळूच माझ्यापाशी आले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "मघाचं ते परत एकदा लावता येईल का?"

हे असं का व्हायचं याचं मला फार नवल वाटायचं. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी बंद खोलीत एक बाई गायली. तिनं विटा बघितला नसेल, तासगाव ऐकलंही नसेल. तरी इथल्या माणसांच्या पायांत ती येऊन बसत होती.

त्या नवलाचा कळस जतला झाला.

जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेला लागून एक गाव आहे. काढलेल्या ज्वारीची धसकटं, मेंढ्यांच्या खुरांनी चाळलेली माती, आणि एका टँकरच्या सावलीत बसलेली चार-दोन माणसं. नवरदेव आमच्या तासगावाकडचा, नवरी तिथली. एकाच मांडवाची जणू दोन गावं झालेली. या बाजूला मराठी, त्या बाजूला कानडी. तिकडच्या माणसांना मराठी कळत होतं, पण बायका बहुतेक नुसत्या कानडीच. व्याह्यांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले, पण बाकी लोक परक्यासारखे बसून राहिले. काहीतरी मानपानाचंही बिनसलं होतं. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याला पुढं बसवलं नाही म्हणून तो रुसून मांडवाच्या कडेला जाऊन बसला होता, आणि त्याच्याभोवती आणखी पाचसहाजण. नवरी खाली मान घालून होती. तिच्या पाठीवर तिची आत्या हात ठेवून बसली होती आणि तो हात काही केल्या हलत नव्हता.

अक्षता पडल्या. मी नेहमीसारखं गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि जनरेटर बंद पडला. गाणं एका शब्दाच्या मधोमध तुटलं. ज्यानं हा धंदा केलाय त्यालाच त्या शांततेचं भय ठाऊक. भर मांडवात आपलं कुणीतरी धोतर ओढावं तसं वाटतं. दिनकर जनरेटरकडं पळाला. मी उगीच मिक्सरची बटणं वरखाली करत राहिलो.

आणि टाळ्या आल्या.

चार, मग गप्प, मग चार. कानडी बाजूनं. मी मान वर केली तर नवरीची आत्या टाळ्या वाजवत होती. गाण्यातला एक शब्दही तिला कळला नसणार, पण टाळ्या तिनं पकडून ठेवल्या होत्या. गाणं थांबलं म्हणून आपण कशाला थांबायचं, असं तिला वाटलं असावं. तिच्या शेजारची बाई लागली, मग मागची ओळ लागली. दोनतीन फेऱ्या नुसत्या टाळ्यांच्या झाल्या, आणि मग आमच्या बाजूनं कुणीतरी, बहुतेक नवरदेवाची बहीण, दुसरं कडवं उचललं. तिच्यामागून पोरी, मग माणसं. शब्द चुकत होते, सूर तर कुठल्या कुठं. पण टाळ्या चुकत नव्हत्या. टाळ्या त्यांच्या, शब्द आमचे, आणि मधल्या रिकाम्या वाटेवरून गाणं जात होतं.

तेव्हा मला ती किणकिण ऐकू आली.

तीच. माझ्या टेपवरची. मी आधी डेककडं बघितलं, डेक बंद. जनरेटर बंद. मग समजलं. आदल्या दिवशी कासार येऊन गेला होता आणि गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मनगटापासून वर हातभर. टाळी पडली की टाळीच्या लगेच मागून काच काचेवर आपटायची आणि ती किणकिण उमटायची. म्हणजे गाण्यातसुद्धा मशीन नव्हती. त्या बंद खोलीत गायिका, नाहीतर तिच्या मागं उभी असलेली कुणीतरी बाई, बांगड्या न काढता टाळ्या वाजवत होती. कुणी तिला काढायला सांगायचं विसरलं असेल. किंवा सांगितलं असेल आणि तिनं ऐकलं नसेल. पाचशे वेळा ते गाणं वाजवून मला जे कळलं नव्हतं, ते गाणं बंद पडल्यावर कळलं.

खरं सांगतो, मला देवळात शिरल्यावर होतं तसं झालं होतं. समोर शंभर दीडशे माणसं होती, त्यांची भाषा एक नव्हती, घटकेपूर्वी त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि आता ती सगळी मिळून एका न बघितलेल्या बाईचं अंगण झाडत होती.

मागं धडधड झाली. दिनकरनं जनरेटर चालू केला होता. दिवे लागले. तो घामाघूम होऊन धावत आला आणि म्हणाला, "आली लाइट. चालू कर, गड्या."

मी हात मागं घेतला.

"आरं चालू कर की. काय झालं?"

"थांब जरा," मी म्हणालो. "ऐक."

दिनकर ऐकत उभा राहिला. त्याच्या हातातला काळा फडका तसाच राहिला. गाणं संपलं तेव्हा लोक एकमेकांकडं बघून हसले, आपण काय केलं याची लाज वाटल्यासारखे. रुसलेला म्हातारा कधी पुढं येऊन बसला होता मला कळलं नाही. कुणी त्याला बोलवायला गेलं नव्हतं.

पंगत उठल्यावर नवरीची ती आत्या माझ्याकडं आली आणि कानडीत काहीतरी बोलली. मी दिनकरकडं बघितलं. तो हसत होता.

"म्हणत्यात, तुजं मशीन चांगलं हाय. मधनंमधनं असंच बंद पडू दे."

त्या दिवसानंतरही मी कित्येक हंगाम धंदा केला, पण मशीन बंद पडू देण्याचं धाडस मला कधी झालं नाही. उलट बॉक्स वाढत गेले. चाराचे आठ झाले, आठाची भिंत झाली. लोकांना गाणं नको होतं, दणका पाहिजे होता, आणि दणका देणारा मीच होतो. एका वरातीत एक बाई तान्ह्या पोराच्या कानांवर दोन्ही तळवे दाबून माझ्या स्पीकरसमोरून वाट काढत गेली. तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी त्या वेळी झटकून टाकली. हल्ली ती परत परत येते.

माझ्या गाण्याला त्या भिंतीत जागा नव्हती. असलं गाणं भिंतीवरून वाजवलं तर फाटतं. मी ते लावणं सोडलं आणि कधी सोडलं तेही लक्षात राहिलं नाही. पुढं दिनकर एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. धाकट्या भावानं द्राक्षबाग वाढवली, मी त्याच्याजोडीनं बेदाण्याची शेड उभी केली. बॉक्स विकले. कानांत एक शिट्टीसारखं वाजत असायचं, पण धंदा सोडला की जाईल, असं मी धरून चाललो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, शेडमध्ये बायका निवडायला बसलेल्या. पुण्याला शिकणाऱ्या आमच्या मुलीनं आईच्या मोबाइलवर ते गाणं पाठवलं होतं, बाबांना ऐकव म्हणून. सुनंदानं मोबाइल परातीत उभा केला आणि लावलं. इतक्या वर्षांनी त्या चार टाळ्या ऐकल्या आणि मी जाळीला धरून उभा राहिलो. गिटार आली, आवाज आला. मी वाट बघत होतो. अर्धं गाणं गेलं.

"कुणीतरी बदललंय हे," मी म्हणालो. "मागचा आवाज काढून टाकलाय."

"कंचा?"

"टाळीमागं बांगड्या वाजायच्या. त्या न्हाईत ह्यात."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. शेजारच्या बायकांनीही हात थांबवले.

"वाजत्यात की," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू, "आवं, चांगल्या वाजत्यात."

मी मोबाइल उचलून कानाला लावला. टाळ्या. आवाज. गिटार. टाळ्यांच्या मागं काही नाही. भिंतीवरचं चित्र काढून नेल्यावर नुसता चौकोन राहावा तसं.

सांगलीला कान तपासायला गेलो. तिथं एक छोटी लाकडी खोली असते, आतून गादीसारखी मढवलेली. दार लावलं की बाहेरचं जग संपतं. डॉक्टरीण बाई काचेपलीकडं बसल्या. माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. "काका, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक येऊ दे." चौदा वर्षं आवाजात काढलेला माणूस त्या शांततेत एकटाच बसला होता. सुरुवातीचे जाडे आवाज सगळे आले. मग आवाज बारीक होत गेले, मग लांब गेले, मग नुसती वाट बघणं राहिलं. माझा धीर सुटला. आता एखादा येऊन गेला असेल असा अंदाज धरून मी बटण दाबलं.

काचेपलीकडून त्या म्हणाल्या, "काका, आत्ता मी काहीच लावलं नव्हतं."

त्यांनी नंतर कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं ती सपाट होती, उजवीकडं एकदम उतरली होती, कड्यावरून उतरावं तशी. "जाडे आवाज तुम्हाला चांगले येतात. उंच, बारीक आवाज गेलेत. मोठ्या आवाजाच्या कामानं असं होतं. गेलेलं परत येत नाही, पण उरलंय ते सांभाळू." यंत्र घेतलं. यंत्रानं माणसांचं बोलणं सुधारलं. किणकिण आली नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी सुनंदा बसली होती. मला एकदम काहीतरी आठवलं. मी तिला म्हणालो, "हात हलव बरं जरा."

तिला कळलं. तिनं माझ्या कानाजवळ हात आणून हलवला. मला बांगड्या दिसल्या. हिरव्या, मध्ये एकेक सोन्याचं पाणी दिलेली. एकमेकींवर आपटताना दिसल्या.

"बसचा आवाज हाय," सुनंदा म्हणाली. "म्हणून न्हाई येत."

घरी आल्यावर तिनं पुन्हा हात हलवला नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून ती भाकरी थापते ते बघत होतो. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या भाकरीला एक आवाज होता. पिठावर थाप आणि त्याच्यामागून बांगड्या. तो आवाज माझ्या घरातून कधी गेला? एका दिवसात गेला नसेल. रोज थोडा थोडा गेला असेल, आणि मी बाहेर कुठंतरी बॉक्सची भिंत रचत असेन.

पण नवलाची गोष्ट पुढंच आहे. गाणं माझ्या आत शाबूत होतं. पडल्या पडल्या मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचो, आणि आत किणकिण यायची. स्वच्छ यायची. बाहेरच्या गाण्यात नसलेली गोष्ट आतल्या गाण्यात होती. माणसाच्या डोक्यात ही कुठली खोली असते, आणि तिथं कान नसताना कसं ऐकू येतं, याचा विचार करून मी थक्क व्हायचो. मग एक शंका आली आणि तिनं माझी झोप खाल्ली. आत वाजतंय ते खरंच तसं आहे का? का कान गेल्यावर माझं मन आपल्या पदरचं काहीतरी भरून देतंय? त्या मढवलेल्या खोलीत न आलेल्या आवाजाला मी बटण दाबलंच होतं की.

सुनंदाला विचारता आलं असतं. गाणं लावून ती म्हणाली असती, इथं वाजली, इथं नाही. मी विचारलं नाही. चूक निघाली असती तर माझ्याकडं काहीच उरलं नसतं. घरात ते गाणं मी पुन्हा लावू दिलं नाही.

यंदा, याच हंगामात, शिरवळला बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. अश्विनी. ती तिथंच एका कारखान्यात काम करते, नवराही तिथलाच. हायवेला लागून हॉल, बाहेरून ट्रक चाललेले. अक्षता पडल्यावर अश्विनीनं मला बोलावलं. मुंडावळ्या सावरत म्हणाली, "मामा, ते टाळ्यांचं गाणं लावा की. माझ्या लग्नात तुम्हीच लावायचं, हे मी लय आधीपासनं ठरवलंय."

नाही कसं म्हणणार. मी डीजेकडं गेलो. अमोल त्याचं नाव, तिशी ओलांडलेला, पलीकडच्याच गावचा, स्वतःचा धंदा. समोर लॅपटॉप, दोन्ही बाजूंना माझ्या वेळेपेक्षा मोठे बॉक्स. मी गाणं सांगितलं. त्यानं शोधून काढलं आणि आवाजाचा खटका वर सरकवायला लागला. मी त्याचा हात धरला आणि खटका पार खाली आणला.

"काका, एवढ्यात कोण नाचनार?"

"नाचायचं न्हाई. ऐकायचं हाय."

तो हसला. त्यानं सोडून दिलं. टाळ्या सुरू झाल्या. हॉलमध्ये ताटं मांडायची गडबड होती, आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि बॉक्सशेजारी उभा राहून आतलं गाणं बाहेरच्या गाण्याला जोडलं. दोन्ही बरोबर चालली होती. बाहेर टाळी, आत टाळी. बाहेर पुढं काही नाही, आत किणकिण.

पहिलं कडवं संपताना अमोल पुढं वाकला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि मग माझ्या कानाशी येऊन जोरात म्हणाला, "काका, ह्यात बांगड्या हायत व्हय?"

मी झटकन त्याच्याकडं वळलो. "कुठं?"

"ह्या काय. टाळीच्या मागं. लय वेळा वाजवलंय मी हे, कवाच आलं न्हाई ध्यानात. मोठ्यांदा लावल्यावर कुठलं कळतंय."

"मला येत न्हाईत ऐकू," मी म्हणालो. "तू बोट वर कर. वाजल्या की बोट वर कर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या खिशातून डोकावणारं यंत्र त्याला दिसलं असावं. त्यानं एक हात मिक्सरवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट उभं धरलं आणि डोळे मिटले.

टाळी पडली, बोट वर गेलं. आतही तिथंच वाजली होती. पुढची टाळी, बोट. बरोबर. तिसऱ्या टाळीवर बोट हललं नाही, आणि माझ्या आतही तिसऱ्या टाळीला कधीच काही वाजत नव्हतं. तिथं त्या बाईचा हात थोडा दमत असावा. चौथी, बोट. मी त्या बोटावरून नजर काढत नव्हतो. दुसरं कडवं आलं, जतला तुटलं होतं ती जागा आली आणि गेली, आणि त्याचं बोट नि माझी आठवण एकदाही मागंपुढं झाली नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या मनानं आपल्या पदरची एक किणकिणही घातली नव्हती आणि त्यातली एक सांडूही दिली नव्हती. मिळालं होतं तसं सगळं ठेवलं होतं. कुणासाठी ठेवलं होतं, कोण सांगणार. मी बॉक्सवर हात टेकला. समोर सुनंदा पंगतीत उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, आणि ती माझ्याकडंच बघत होती.

शेवटची टाळी पडली. बोट वर गेलं, खाली आलं. माझ्या आतलं गाणं तिथं संपलं.

मग अमोलचं बोट पुन्हा एकदा वर गेलं.

"काय झालं?" मी विचारलं. "संपलं की."

"न्हाई काका. सगळं गप झाल्यावर एकदा वाजल्या. अगदी हळू. तिनं हात खाली सोडलं असत्याल."

गाणं पुरतं संपू द्यायचं नाही, संपायच्या आत दुसरं चढवायचं, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. मी ते गाणं हजारदा वाजवलं असेल, आणि एकदाही त्या बाईला हात खाली सोडू दिला नव्हता.

"परत लाव," मी अमोलला म्हणालो. "आणि मधी काय चढवू नको."